इंग्लंडातल्या 'इंडियन'मध्ये तुम्ही नेमके काय मागवता? (बसून खाल्लेले आणि घरी मागवलेले)

थेम्सकाठची

नमस्कार. चांगले भारतीय जेवण कुठे मिळते हे विचारणारे धागे येथे पूर्वी येऊन गेले आहेत, त्यामुळे मला पत्ते नको आहेत. माझी शंका वेगळी आहे आणि ती मांडण्यासाठी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

गेल्या महिन्यात पुण्याहून आई-बाबा आले. बाबांना पंचाहत्तर पूर्ण झाली, म्हणून आम्ही गावातल्या हाय स्ट्रीटवरच्या इंडियन रेस्टॉरंटमध्ये टेबल राखून ठेवले. या गावात येऊन आम्हाला तीन वर्षे झाली, पण तिथे कधी पाऊल टाकले नव्हते, कारण घरी रोज जे शिजते त्यासाठी बाहेर पैसे कशाला मोजायचे, असा आमचा साधा हिशोब होता. आम्ही बसतो न बसतो तोच कोणी न मागवता पापडांची चळत आली आणि सोबत चार वाट्यांचे एक तबक आले: आंब्याची गोड चटणी, चिरलेला कांदा, पुदिन्याचे पातळ दही आणि लिंबाचे लोणचे. "किती अगत्य आहे हो यांचे," असे म्हणत आईने दोन पापड मोडले. शेवटी बिल आले तेव्हा प्रत्येक पापडाचा एक पौंड आणि तबकाचे माणशी वेगळे पैसे लावलेले होते. "पापडाचेसुद्धा?" हा आईचा प्रश्न पुढे आठवडाभर आमच्या घरात ऐकू येत होता.

बाबांनी मुंबईत नोकरी करताना पारशी सहकाऱ्याच्या घरी धनसाक (डाळी आणि भाज्यांत शिजवलेले मटण) खाल्ले होते, म्हणून यादीत ते नाव दिसताच त्यांनी हौसेने तेच मागवले. समोर आले ते आंबटगोड होते आणि त्यात अननसाच्या फोडी होत्या. यजमानांनी मागवलेल्या विंदालूत बटाटे निघाले. मी पनीर घेतले होते. तिघांच्या वाट्यांतला रस्सा रंगाने थोडा वेगळा असला तरी मुळात एकच असावा, असा मला दाट संशय आला. बाबा वाढप्याशी हिंदीत बोलू लागले, तर तो नम्रपणे इंग्रजीतच उत्तरे देत राहिला. नान मात्र उत्तम होते, हे सांगायलाच हवे.

पुढच्या शुक्रवारी तिथूनच ॲपवरून घरी जेवण मागवले. पाऊण तासाऐवजी दीड तास लागला, डाळ आलीच नाही, रस्सा डब्याच्या कडेने पिशवीत उतरला होता आणि नान वाफेने भिजून चामट झाले होते. डाळीचे पैसे दोन मिनिटांत परत आले, पण त्या रात्री बाबा दहीभात आणि लोणचे खाऊन झोपले.

आता माझी शंका: जेवण वाईट होते, की आम्हाला मागवता आले नाही?

बंड्या बर्मिंगहॅमवाला

ताई, दोन्ही थोडे थोडे, पण दुसरे जास्त.

मी येथे शिकायला आलो तेव्हा दोन वर्षे शुक्रवारी आणि शनिवारी रात्री अशाच एका रेस्टॉरंटच्या स्वयंपाकघरात भांडी घासली आहेत, त्यामुळे तुमचा रश्श्याबद्दलचा संशय खरा आहे हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. दुपारी दोनच्या सुमारास पोतेभर कांदे सोलून मोठ्या पातेल्यात चढवले जात. त्यात थोडे गाजर, ढबू मिरची, आले, लसूण, टोमॅटो, हळद आणि भरपूर तेल पडे. कांदा पूर्ण मऊ झाला की सगळे मिश्रण यंत्राने घोटून पातळ, फिकट नारिंगी रंगाची पेज तयार होई. ती नुसती चाखली तर बेचव लागते. कोंबडी, मटण आणि बटाटे आधीच वेगवेगळे शिजवून ठेवलेले असत.

संध्याकाळी ऑर्डर आली की आचारी अल्युमिनियमच्या लांब दांड्याच्या तव्यात तेल, आले-लसूण, मसाल्याचे एकच मिश्रण आणि टोमॅटोचा गर घालून मोठ्या आचेवर परतत असे. मग पळीभर पेज घालायची, ती कडेला धरू लागली की खरवडून मधे घ्यायची, पुन्हा पळीभर घालायची. असे दोन-तीनदा केले की सात-आठ मिनिटांत 'करी' तयार होते. नावे बदलतात ती शेवटच्या मिनिटाला. जास्त तिखट आणि थोडे लिंबू घातले की मद्रास, नारळ, साखर आणि साय घातली की कोर्मा, हिरव्या मिरच्या आणि ढबू मिरचीचे तुकडे पडले की जालफ्रेझी. शिजवलेली डाळ, लिंबू, साखर आणि अननस घातला की तुमच्या बाबांचे धनसाक.

हिंदीबद्दल सांगायचे तर ब्रिटनमधली अशी बहुसंख्य रेस्टॉरंटे बांगलादेशातल्या सिल्हेट भागातून आलेल्या कुटुंबांची आहेत. त्यांचे पूर्वज ब्रिटिश जहाजांवर खलाशी म्हणून काम करत आणि त्यांतले काही बंदरावर उतरून येथेच राहिले. घरात ते सिल्हेटी बोलतात. हिंदीत बोलणाऱ्या पाहुण्याला इंग्रजीत उत्तर देण्यात उद्धटपणा नसतो.

कोथरूड ते क्रॉयडन

म्हणजे दारावर 'इंडियन' लिहायचे, मालक बांगलादेशी, पदार्थाला नाव पारशी आणि आत अननस! याला मी तरी फसवणूकच म्हणेन. चेन्नईत जाऊन मद्रास करी मागून पाहा, काय मिळते ते.

बंड्या बर्मिंगहॅमवाला

फसवणूक म्हणायचे तर आपल्या गाडीवरच्या मंचुरियनचे काय करायचे? हे या देशात, येथल्या गिऱ्हाइकासाठी तयार झालेले वेगळे जेवण आहे आणि त्यातही चांगले-वाईट असते. आमच्या गावची बाल्टीच घ्या. बर्मिंगहॅमच्या स्पार्कब्रुक-स्पार्कहिल भागात 1970 च्या दशकात ती रूढ झाली. पातळ पत्र्याच्या कढईत, तुपाऐवजी तेलात, भणभणत्या आचेवर ती करतात आणि त्याच कढईत टेबलावर आणून ठेवतात. सोबत हातभर लांबीचे नान असते आणि ते मोडून हातानेच खायचे असते. मी भारतात असा पदार्थ कुठे खाल्लेला नाही, पण तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. जाड चिनी मातीच्या वाडग्यात ओतून आणली तर मात्र ती बाल्टी नाही, आणि त्याबद्दल मी वाढप्याशी वाद घातलेला आहे.

म्हापशाची माडी

विंदालूबद्दल मला बोललेच पाहिजे. पोर्तुगीज लोक मांस वाइन आणि लसणीत मुरवत. त्यांच्या 'विन्या द आल्युश'चे आमच्याकडे विंदालू झाले, वाइनच्या जागी व्हिनेगर आले आणि तांबड्या मिरच्यांचे वाटण आले. आमचे विंदालू डुकराच्या मांसाचे असते, ते आंबट असते, आदल्या दिवशी करून दुसऱ्या दिवशी खाल्ले तर अधिक चांगले लागते आणि त्यात बटाटा नसतो. 'आलू' हा शब्द ऐकून कोणीतरी बटाटे टाकले असावेत, असे आमच्या घरी म्हणतात. येथे विंदालू म्हणजे मद्रासच्या वरची तिखटाची पायरी, आणि त्याच्याही वर फाल. शुक्रवारी रात्री बिअर पिऊन आलेल्या टोळक्याने पैज लावून खायचा तो प्रकार आहे. तुमच्या यजमानांना चवीसाठी काही हवे असेल तर ज्या पदार्थाचे नाव तिखटाच्या पायरीचे नाही तो मागवा.

दादर टीटी

धनसाकाबाबत एक पुस्ती. पारशी घरांत ते रविवारी दुपारी, तपकिरी भाताबरोबर खातात आणि जेवून मस्त ताणून देतात. घरात मृत्यू झाल्यावर चौथ्या दिवशी धनसाक करण्याची रीत असल्यामुळे शुभप्रसंगी ते करत नाहीत. तुमच्या बाबांच्या वाढदिवसाला अननस घातलेले आले ते एका अर्थी बरेच झाले म्हणायचे!

चिमणीची आई

विषय थोडा गंभीर करते, पण तो याच धाग्यात असायला हवा. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे आणि आम्ही तरीही इंडियनमध्ये जातो. कसे, ते सांगते.

डिसेंबर 2014 पासून येथे कायदा आहे की खाद्यविक्रेत्याने चौदा ठरावीक ॲलर्जीकारक घटकांबद्दल माहिती दिलीच पाहिजे. त्यांत शेंगदाणे, काजू-बदामांसारखी कवचफळे, दूध, गव्हासारखी ग्लूटेनयुक्त धान्ये, तीळ आणि मोहरी यांचाही समावेश आहे. आपल्या फोडणीतली मोहरी या यादीत आहे हे आपल्यापैकी अनेकांच्या गावीही नसते. घरी मागवलेल्या जेवणासाठी ही माहिती पैसे देण्याआधी आणि पुन्हा जेवण हातात पडताना, अशी दोन्ही वेळा मिळायला हवी.

कायदा आहे म्हणून निर्धास्त राहावे असे मात्र नाही. उत्तर यॉर्कशरमधल्या एका रेस्टॉरंटमध्ये बदामाच्या भुकटीऐवजी स्वस्त, शेंगदाणे असलेली भुकटी वापरली गेली होती. 'नट नकोत' असे सांगूनही ते जेवण दिले गेले आणि 2014 मध्ये एका गिऱ्हाइकाचा जीव गेला. मालकाला 2016 मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. ही बातमी वाचल्यापासून मी ॲपवरच्या 'सूचना लिहा' या चौकटीवर कधीच विसंबत नाही. मी संध्याकाळी पाचच्या आत, स्वयंपाकघर शांत असताना फोन करते आणि 'नट आहेत का' असे न विचारता 'कोर्म्यात कोणती भुकटी घालता, तिच्या पाकिटावर काय लिहिले आहे, ते पाहून सांगता का' असे विचारते. पाकीट आणायला जो माणूस उठतो त्याच्याकडे आम्ही जेवतो. 'नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम' म्हणणाऱ्याकडे जेवत नाही.

एकदा तर मीच चुकले होते. मैत्रिणीला ग्लूटेन चालत नाही म्हणून मी तिला निर्धास्तपणे डाळ खा म्हटले. आचारी स्वतः बाहेर येऊन म्हणाला की फोडणीत हिंग आहे आणि डबीतल्या हिंगात गव्हाचे पीठ असते. माझ्या स्वतःच्या घरातली डबी मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

कोथरूड ते क्रॉयडन

हे मला ठाऊक नव्हते. माझा 'फसवणूक' हा शब्द मागे घेत नाही, पण आवाज खाली आणतो.

स्वच्छतेच्या गुणांबद्दलही कोणीतरी लिहायला हवे. दारावर शून्य ते पाच गुणांचे हिरवे-काळे स्टिकर असते. वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ते लावणे सक्तीचे आहे, इंग्लंडमध्ये नाही. म्हणून इंग्लंडात एखाद्या दारावर स्टिकर दिसलेच नाही तर मी आत जाण्याआधी फूड स्टँडर्ड्स एजन्सीच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहतो. पाच मिळालेला माणूस ते स्टिकर लपवत नाही.

डबेवाली मावशी

घरी मागवण्याबद्दल मी लिहिते, कारण गुडघ्यांच्या दुखण्यामुळे गेली दोन वर्षे माझे बहुतेक बाहेरचे जेवण घरीच येते.

पहिली गोष्ट म्हणजे ॲपवर ठिकाण शोधा आणि फोन रेस्टॉरंटला करा. ॲप रेस्टॉरंटकडून दलाली घेते, म्हणून तोच पदार्थ ॲपवर महाग ठेवलेला असतो. शिवाय सेवाशुल्क आणि पोचवण्याचे पैसे वेगळे. आमच्याकडे जवळच्या दोन-तीन रेस्टॉरंटांची स्वतःची गाडी आहे आणि येणारा मुलगा मला ओळखतो. डाळ राहिली तर तो पुन्हा येतो. ॲपवर पैसे परत येतात, डाळ येत नाही. थेम्सकाठची यांनी ते अनुभवलेच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. शुक्रवारी आणि शनिवारी सात ते नऊ या वेळात स्वयंपाकघरात बसलेल्यांची आणि घरी मागवणाऱ्यांची ऑर्डर एकाच भट्टीवर येते आणि समोर बसलेला माणूस साहजिकच आधी वाढला जातो. मी साडेपाचला मागवते.

तिसरी गोष्ट, प्रवास काय सोसते आणि काय सोसत नाही. डाळ, मटणाचे पदार्थ, छोले आणि पालक व्यवस्थित येतात. नान फॉइलमध्ये गुंडाळले की स्वतःच्याच वाफेने मरते. ते आल्याआल्या उघडून, पाण्याचा हबका मारून चार मिनिटे गरम ओव्हनमध्ये टाकावे, किंवा सरळ घरी पोळ्या कराव्यात. कांदाभजी (येथे तिचे लाडूएवढे गोळे करतात) आणि समोसे मागवूच नयेत. तंदुरी कोंबडी गार झाली तरी चांगली लागते, पण सळसळत्या तव्यावर येणारी ती घरी मागवण्यात काय मजा? त्या आवाजाचेच निम्मे पैसे असतात.

दादर टीटी

मावशी, तुमच्या पोस्टवरून आठवले. लंडनमध्ये पहिले भारतीय भोजनगृह 1810 साली, पोर्टमन स्क्वेअरजवळ निघाले. ते काढणारे शेख दीन महंमद मूळचे पाटण्याचे होते. आगाऊ कळवल्यास भारतीय जेवण घरी पाठवू, अशी त्यांची जाहिरात होती. 1812 पर्यंत त्यांचे दिवाळे निघाले. त्यामुळे घरपोच सेवा परवडत नाही ही येथल्या रेस्टॉरंटांची तक्रार दोनशे वर्षांची आहे. आज चालू असलेल्यांत सर्वांत जुने म्हणजे रीजंट स्ट्रीटचे वीरस्वामी, ते 1926 चे. तेथे एकदा जाऊन आलो आहे. जेवण उत्तम होते आणि बिल पाहून पापडाच्या पैशांचा विषय कोणी काढलाच नाही.

चिमणीची आई

बिलावरून एक विचारते. लंडनमध्ये साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेले असते. ते द्यावेच लागते का?

बंड्या बर्मिंगहॅमवाला

त्यापुढे 'ऐच्छिक' असे लिहिलेले असेल तर काढायला सांगता येते आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र 1 ऑक्टोबर 2024 पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये टिप आणि सेवाशुल्काची पूर्ण रक्कम कामगारांना देणे मालकांवर बंधनकारक आहे. मी भांडी घासत होतो तेव्हा टिपेचा डबा मालकाच्या कपाटात जाई आणि त्यातून आमच्या वाट्याला काय आले ते आम्हाला कळतही नसे. त्यामुळे सेवा चांगली असेल तर मी देतो.

थेम्सकाठची, तुमच्या मूळ शंकेकडे येतो. त्या स्वयंपाकघरात रात्री साडेअकराला आम्ही सगळे एकत्र जेवत असू आणि त्या पानात ती नारिंगी पेज कधीच नसे. आचारी स्वतःसाठी वेगळे पातेले चढवत असे: हाडासकट मटण, नाहीतर मासा, साधी डाळ आणि भात. याला 'स्टाफ करी' म्हणतात. काही ठिकाणी ती यादीतही असते, बहुतेक ठिकाणी नसते. शनिवारी मागू नका, कोणी ऐकायला रिकामा नसतो. मंगळवारी किंवा बुधवारी लवकर जा आणि मालकाला एवढेच विचारा की तुम्ही स्वतः आज काय जेवणार आहात.

थेम्सकाठची

परवा मंगळवारी सहा वाजता आम्ही चौघे पुन्हा त्याच रेस्टॉरंटमध्ये गेलो. आमच्याशिवाय एकच टेबल भरलेले होते. पापडांची चळत येताच आईने "नो, थँक यू" म्हणून ती परत पाठवली. हे तिचे येथे आल्यापासूनचे सर्वांत ठाम इंग्रजी वाक्य होते.

बंड्यादादांनी सांगितले होते तसे मी मालकांना विचारले. ते आधी गोंधळले, मग म्हणाले की आज मटण आहे, पण हाडासकट आहे आणि त्यात साटकोरा आहे. तो तुम्हाला आवडेलच असे नाही. साटकोरा म्हणजे काय हे आम्हाला कळेना, तेव्हा ते आत जाऊन जाड सालीची एक हिरवी फोड बशीत घेऊन आले. बाबांनी ती नाकाशी धरली आणि म्हणाले, "हे तर ईडलिंबाच्या जवळपासचे दिसते." मालकांना ईडलिंबू ठाऊक नव्हते. पुढची दहा मिनिटे दोघेजण मोडक्यातोडक्या इंग्रजीत एकमेकांना आपापल्या परसातली लिंबे समजावून सांगत होते.

मटण पातळ रश्श्याचे होते आणि सालीच्या फोडी त्यात मऊ शिजल्या होत्या. वास आधी येतो, मग आंबटपणा आणि घास गिळल्यावर मागून किंचित कडवटपणा. साखर नाही, साय नाही. सोबत लसणीची भरपूर फोडणी दिलेली डाळ. बाबांनी चमचा बाजूला ठेवून हाताने भात कालवला आणि दुसऱ्यांदा डाळ मागितली. मटणाचे नऊ पौंड लावले, दुसऱ्या डाळीचे लावले नाहीत. यजमानांनी मात्र हट्टाने पुन्हा विंदालू मागवले, बटाट्यांसकट. ते त्यांना आवडते म्हणे! त्यावर मी काय बोलणार?

आता आईला तो साटकोरा घरी करून पाहायचा आहे. तो कुठे मिळतो?

बंड्या बर्मिंगहॅमवाला

बांगलादेशी किराणा दुकानात गोठवलेल्या फोडींची पाकिटे मिळतात. आतला गर काढून फक्त साल वापरा आणि मटण पाऊण शिजल्यावरच घाला. चार माणसांना पाच-सहा लहान फोडी पुरतात. पहिल्यांदा मी अख्खे पाकीट टाकले होते आणि ते इतके कडू झाले की शेजारच्या मांजरानेही तोंड फिरवले.